पांढऱ्या गाडीतला आवाज

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले. होळीलाच रिकाम्या घागरी रांगेत लागल्या, तेव्हा मी ओळखलं, हा उन्हाळा त्या उन्हाळ्याच्या जातीचा आहे. तीच पांढरी धूळ, तोच दुपारचा चटके देणारा वारा, तेच आडाच्या तळाशी वाटीनं पाणी खरवडणं. आणि मेलं नेमक्या ह्याच दिवसांत आमच्या धाकट्यानं, प्रशांतनं, गाडी घेतली. घेतली ती घेतली, आठवडा झाला नाही तोवर म्हणतो, "आई, कंपनीच्या साऊंडमधी दम न्हाय. बार्शीला जाऊन बदलून आणतो." मी म्हटलं, "आहे तो काय वाईट आहे रे?" तो हसला. त्याला काय ठाऊक.

संध्याकाळी गाडी दारात आली. डिक्कीत ही एवढी पेटी, चारी दारांत नवे स्पीकर. प्रशांतनं वडिलांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि गाणं लावलं. शेजाऱ्यांच्या पत्र्यावरची कबुतरं उडून गेली. आमच्या ह्यांनी दाराला तळहात लावला, डोळे मिटले आणि जरा वेळानं विचारलं, "लई हादरतंय. गाणं कुठलं हाय?" पोरगं हसलं, सून हसली. मी तांदूळ निवडायचं निमित्त करून आत आले.

तो उन्हाळा आठवायचा म्हटलं की मला आधी आठवतं ते ऐकू न येणारं. बहात्तरचा दुष्काळ मी परकरात असताना पाहिला, सरकारनं वाटलेल्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. हा त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आलेला. सरकारी माणसं म्हणायची, बहात्तरच्या मानानं हा काहीच नाही. असेल बाबा. ज्याच्या हंड्यात पाणी नाही त्याला कसलं आलंय मानानं नि अपमानानं.

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं. सहकारी साखर कारखाना गावापासून हाकेच्या अंतरावर. हे कारखान्याच्या पांढऱ्या अँबेसेडरवर ड्रायव्हर होते, पण टेम्परवारी. पोरं अजून व्हायची होती. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि आत्या. आत्या म्हणजे माझी सासू, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. बाई मोठी ठसक्याची. बोलायला लागली की समोरच्याची पाठ भिंतीला लावायची, आणि दुसऱ्या घटकेला त्याच माणसाच्या हातावर भाकरी ठेवायची.

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. ऊस उभ्या उभ्या वाळला, त्याची चिपाडं जनावरांनीही नीट खाल्ली नाहीत. कारखान्याचा हंगाम संक्रांतीलाच आटोपला आणि भोंगा बंद झाला. इतकी वर्षं गाव भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. आता कुणालाच भोंगा ऐकू येईना, म्हणून ह्यांचंही खपून गेलं. टेम्परवारी माणसं कमी करणार अशी बोलवा उठली. पण ज्यांची गाडी हे चालवायचे त्या कारखान्याच्या साहेबांनी ह्यांना शब्द दिला होता, "किसन, ह्या जूनच्या आत तुझी कायमची ऑर्डर काढतो." आमचं सगळं घर त्या ऑर्डरीकडं डोळे लावून बसलं होतं. शेत नव्हतंच. ऑर्डर आली नाही तर खडी फोडायला जायचं, एवढं साधं होतं ते.

ड्रायव्हर व्हायच्या आधी हे आणि आत्या तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर जायचे. आत्या कागदाच्या नळ्या वळायच्या. ह्यांच्याकडं काम होतं आवाज बघायचं. तयार मालातला एखादा नग उचलायचा, माळावर नेऊन लावायचा आणि बार नीट झाला का ते सांगायचं. नवीजुनी पोरं कानात बोटं घालायची. हे घालायचे नाहीत, कारण बोटं घातली तर आवाज कळणार कसा? असं वर्षानुवर्षं चाललं. लग्न झाल्यावर मला म्हणायचे, "कानात रातकिडं वरडत्यात." मी म्हणायची, "माझ्या बोलण्यापेक्षा बरे असतील." हसायचो आम्ही. खरंच हसायचो.

त्या अँबेसेडरला कंपनीचाच रेडिओ होता. दोन गोल बटणं, मधे काटा आणि पुढच्या फळीत एकच स्पीकर. साहेबांना गाण्याचा भारी शौक. दिवाळीनंतर ह्यांनी कुरकुर सुरू केली, "साहेब, कंपनीचा स्पीकर पडलाय. आवाज फुटंना." साहेब म्हणाले, "मग बदल की." बदलला. आठ-पंधरा दिवस स्वारी खूश. मग पुन्हा, "ह्योबी पडला वाटतं." मग फळीच्या खाली पट्टीनं टांगलेला कॅसेटचा प्लेअर आला. मग मागच्या सीटच्या पाठीमागं, काचेखालची फळी करवतीच्या पात्यानं कापून ह्यांनी दोन लांबुळके स्पीकर बसवले, रबरी मॅटखालून वायरी ओढल्या. मग आवाज वाढवायचा बूस्टर आला. त्याला हिरवे-तांबडे दिवे होते, आवाज चढेल तसे चढायचे, उतरेल तसे उतरायचे. हे त्या दिव्यांकडं बघत बसायचे. मला वाटायचं, हौस आहे, बघू दे. घरात दुसरं बघण्यासारखं होतं तरी काय?

साहेब खूश होते. कारखान्याचे डायरेक्टर गाडीत बसले की म्हणायचे, "किसनच्या गाडीचा नाद करायचा न्हाय!" आणि हे नुसते हसून मान हलवायचे. त्या वेळी वाटायचं, मानी माणूस आहे, कौतुक अंगाला लावून घेत नाही.

बार्शीला साहेबांची मीटिंग होती, त्या दिवशी माझ्या बहिणीला भेटायला म्हणून मी बरोबर गेले. बहिणीकडून येताना हे मला घेऊन स्पीकरच्या दुकानात थांबले. दुकानदार मोठा बोलका. म्हणाला, "बारीक आवाजाला हे छोटे बसवा दादा. झांज, घुंगरू, बासरी, समदं कसं स्वच्छ येतंय बघा." त्यानं रुपयाएवढे दोन स्पीकर पुढच्या काचेशी धरले आणि गाणं लावलं. सुई टोचावी तसा आवाज आला, मी कानावर पदर दाबला. ह्यांनी एकाला अगदी कान लावला आणि म्हणाले, "ह्यो चालू न्हाय."

दुकानदारानं दुसरा जोडला. "ह्योबी न्हाय." तिसरा आणला. "अहो, मला बघू तर द्या राव!" दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मग त्याला वाटलं, गिऱ्हाईक चोखंदळ आहे. त्यानं गाडी चालू करायला लावली, जरा रेस करायला लावली, आणि स्पीकरमधून लांब शिट्टी निघाली. रेस वाढवली की शिट्टी वर चढायची. रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. "ही तुमच्या डायनामोची शिट्टी हाय," दुकानदार म्हणाला, "कंडेन्सर टाकला की जाईल."

"कुठली शिट्टी?" ह्यांनी विचारलं.

त्यांनी दुकानदाराकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या तोंडावरनं त्यांना जे कळायचं ते कळलं. आणि मलाही.

तिथून आम्ही साहेबांच्या मीटिंगच्या जागी गेलो. मग एका पिंपळाखाली गाडी लावून ते माझ्याकडं वळून बसले. म्हणाले, "दिवाळीपासनं लई कमी झालंय. ट्रकचा हॉर्न येतो. गड्याचा भरड आवाज जवळनं येतो. बायामाणसांचा आधी गेला. तुझा आन मायचा." मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नको, रडलीस की तोंडाचं कळंना मला." साहेब मागं बसायचे, ह्यांनी आरसा असा लावला होता की साहेबांचे ओठ दिसावेत. तेवढ्यावर चार महिने नोकरी चालली होती. आणि तुम्हाला सांगते, तोवर ह्यांना स्वतःलाही अर्धं वाटत होतं की स्पीकरच पडलाय. शेवटपर्यंत आशा होती, कुठला तरी भाग बदलला की सगळं पहिल्यासारखं ऐकू येईल.

"मायला सांगू नको," ते म्हणाले. "ती पाण्याच्या रांगेत समद्या गावाला सांगंल. साहेबांच्या कानावर गेलं की ऑर्डर गेली. एवढा जून निघू दे, म्या सोता सांगतो तिला."

मी मान हलवली. बहिऱ्याशी बोलताना मान हलवायची सवय मला त्या दिवसापासून लागली, ती आजतागायत.

मग काय, घरात तारांबळच. हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा. ताट ठेवताना भांडं वाजवायचं नाही, समोर जायचं. माझं ठीक होतं हो, मला माहीत होतं. आत्यांना कुठं माहीत होतं? चुलीपुढून त्या विचारायच्या, "किसना, घागरी भरल्या का रं?" हे पाठमोरे असायचे, तसेच निघून जायचे. "किसना, येताना पान आण." गेले. मी धावत जाऊन मधे बोलायची, काहीतरी सारवासारव करायची. आत्या माझ्याकडं बघून म्हणायच्या, "तू कशाला उत्तर देतीस? त्याच्या तोंडाला काय झालंय?" मग त्या शेजारणीला सांगायला लागल्या, "गाडीवाला झाला ना आता. आमाला कशाला बोलतोय." असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. एवढी खमकी बाई, पण लेकानं ओ दिली नाही की लहान पोरीसारखं तोंड करायची. मला ते बघवायचं नाही.

बुद्धपौर्णिमेला साहेबांनी गाडी दिली. म्हणाले, "विहारापुढं लाव, तुमच्या लोकांना गाणी ऐकू दे." पाणी नव्हतं, गोडाधोडाचं काही नव्हतं, पण गाडी उभी राहिली आणि ह्यांनी चारी दारं उघडली. बायाबापड्या पांढरी लुगडी नेसून बसल्या होत्या. गाणं असं काही घुमलं की हमरस्त्यावरची एसटी थांबून माणसं बघायला लागली. लोक म्हणाले, आवाज येरमाळ्यापर्यंत गेला. आत्या पुढच्याच रांगेत. लेकाची गाडी, लेकाचा आवाज, नुसता आनंद ओसंडत होता. त्यांनी बायकांना सांगितलं, "थांबा, माझ्या किसनाला सांगते, वंदना लावायला." आणि गाणं संपताच मोठ्यानं हाक मारली, "किसना! वंदना लाव रं बाबा!"

हे बूस्टरच्या दिव्यांकडं बघत पाठमोरे उभे.

"किसना! अरं किसना!" तीनदा झालं, चारदा झालं. मी गर्दीच्या पलीकडं, पाण्याच्या डेऱ्याशी होते. मधल्या माणसांतून वाट काढीपर्यंत एक बाई खुदकन हसली. मग दोघी-तिघी हसल्या. आत्या उठून उभ्या राहिल्या आणि भडाभडा बोलल्या, "मेल्या, चार दिस गाडीवर काय बसलास, आईची हाक ऐकू येईना व्हय? माज आलाय तुला! मेले तरी तुझ्या ह्या गाडीत पाय ठिवायची न्हाय!" सगळं विहार ऐकत होतं. ज्याला म्हटलं तो तेवढा कॅसेट बदलत होता.

घरी आल्यावर आत्या अबोल झाल्या. मी ह्यांना काही सांगितलं नाही. दोन दिवसांत निवळेल, आत्यांचा राग म्हणजे दुधाचा ऊत, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक. आणि निवळलाही. पण निवळल्यावर त्यांना दुसरंच लागलं. मला म्हणाल्या, "सुमन, लोकांत तोंड टाकलं गं म्या. वाईट गेलं तोंडातनं. त्यो रागावलाय, बघ की, माझ्याकडं बघतबी न्हाय." त्या ह्यांच्या पाठीशी जाऊन हळूच काहीतरी पुटपुटायच्या. उत्तर यायचं नाही. मग पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसायच्या. आता तुम्ही सांगा, कुणाचं चुकलं होतं ह्यात? मी इतकी वर्षं शोधते आहे, मला कुणी सापडत नाही.

त्यानंतर टँकरचं पाणी बिघडलं म्हणा किंवा आडाचं, गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. पहिल्या दोन दिवसांत तीन घरं झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे आत्या. दुपारपर्यंत त्यांचे डोळे आत गेले, बोटांची कातडी सुरकुतली. साहेब कलेक्टरसाहेबांच्या मीटिंगसाठी दुसऱ्याच्या जीपनं उस्मानाबादला गेले होते, पण जाताना सांगून गेले होते, "कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर माझी गाडी घ्या." माणूस वाईट नव्हता.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते सांगायला सोपं आहे. जूनमध्ये ऑर्डर निघाली ती दुसऱ्या ड्रायव्हरची. बहिऱ्या माणसाच्या हातात गाडी देता येत नाही, साहेबांना दुसरा इलाजच नव्हता. नव्या ड्रायव्हरनं मागचे स्पीकर काढून टाकले, म्हणे एवढा आवाज कशाला हवा, डोकं उठतं. आम्ही दोघं रोजगार हमीवर खडी फोडायला गेलो. पुढं मी बालवाडीत लागले, घर उभं राहिलं, पोरं शिकली. गेल्या वर्षी प्रशांतनं ह्यांना कानाचं मशीन आणलं. दोन दिवस लावलं आणि तिसऱ्या दिवशी डबीत ठेवून दिलं. "आता कुणाचं ऐकायचं राहिलंय," म्हणाले. प्रशांतला वाटलं, म्हातारपणी माणसं असंच बोलतात.

तर त्या दुपारी. आत्यांना उचलून गाडीत ठेवायला गेलो तर त्या पुटपुटल्या, "ह्या गाडीत नको." मी म्हटलं, "आत्या, आता कसलं नको नि काय." त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं. गाणं बंद होतं, दिवे बंद होते. उन्हानं पत्रा भाजत होता. येरमाळा मागं पडला आणि आत्यांनी डोळे उघडले.

"किसना," त्या म्हणाल्या, "रागावलास व्हय रं माझ्यावर?"

हे गाडी हाकत होते. आरशात त्यांना फक्त माझं तोंड दिसत होतं. आत्या माझ्या मांडीवर, आरशाच्या खाली.

"किसना, तोंडातनं गेलं रं. राग सोड की बाबा."

मी पुढं वाकून ह्यांच्या खांद्यावर थाप मारली. आरशात बघून म्हटलं, "आत्या बोलतात तुमच्याशी." ते मोठ्यानं म्हणाले, "आलं, आलं! येडशीचा घाट उतरला की आलंच!" आणि गाडी आणखी जोरात हाणली. त्यांना वाटलं, मी घाई करायला सांगते आहे. थांबवून सांगायला वेळ नव्हता, एकेक मिनिट मोलाचं होतं. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. "बघ, बोलंना. उगं वरच्यावर दुसरंच बोलतोय."

मग मी सांगितलं. जून गेला खड्ड्यात, ऑर्डर गेली खड्ड्यात. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आत्या, त्यांना ऐकू येत न्हाय. दिवाळीपासनं. तुमच्या गळ्याची आण. रागावले न्हायीत, ऐकूच येत न्हाय त्यांना."

आत्यांनी मान जराशी मागं केली. डोक्याच्या वर, काचेखालच्या फळीत ते दोन मोठे स्पीकर होते. त्यांनी त्या स्पीकरांकडं बघितलं, आणि हसल्यासारखं केलं. "हे येवढाले भोंगे लावणारा बहिरा? येरमाळ्यापतूर आवाज जातो त्याचा." दम लागला, थांबल्या. "तू चांगली हायस गं सुमन. पण नको झाकू. त्यो रागातच हाय."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

उस्मानाबादच्या दवाखान्यात सलाईनची सुई शिरेत जाईना. शीर सापडत नव्हती. नर्सबाईंनी ह्या हाताला बघितलं, त्या हाताला बघितलं, पायाला बघितलं. डॉक्टर धावत आले. सगळ्यांनी करायचं ते केलं. वॉर्डात इतके पेशंट होते की खाली सतरंज्यांवरही माणसं होती, पण आत्यांना खाट मिळाली, त्या खाटेवर त्या गेल्या.

हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. कुणीतरी निरोप दिल्यामुळं साहेब मीटिंग सोडून आले आणि दारात चपला काढून उभे राहिले. ह्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते माझ्यापुढं येऊन म्हणाले, "माय काय म्हणत हुती? आरशात तुझं तोंड हलताना दिसलं. काय म्हणत हुती ती?"

मी सांगितलं. पण मी रडत होते, ओठ थरथरत होते, पदर तोंडात होता. "पदर काढ," ते म्हणाले. मी पदर काढून पुन्हा सांगितलं. ते माझ्या ओठांकडं असे बघत होते की काय सांगू तुम्हाला. "कळंना मला, सुमन. नीट सांग की." मला दारात साहेब दिसत होते. आणि मी ओरडले. वॉर्डाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले.

"आत्या विचारत होत्या, किसना, रागावलास का माझ्यावर?"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. ह्यांच्यापर्यंत ते पोचलं. ते गोंधळून माझ्याकडं बघत राहिले.

"राग? मायवर? कशाचा राग?"

"पौर्णिमेला विहारापुढं तुम्हाला बोलल्या, त्याचा!"

"कवा बोलली?" ते म्हणाले. "काय बोलली?"

मला आणखी ओरडवेना. ते वळले, खाटेशी गेले, गुडघे टेकले आणि आत्यांच्या कानाला तोंड लावलं. स्वतःचा आवाज ज्याला ऐकू येत नाही तो माणूस बोलतो तसे, सगळ्यांना ऐकू जाईल असे ते बोलले.

"माय, म्या काय ऐकलंच न्हाय गं. मला ऐकूच येत न्हाय."